बाव आटली नाही तो उन्हाळा

माझी पहिली नोकरी सांडपाण्यावर होती. आज मी हे वाक्य बिनदिक्कत म्हणते. त्या काळी आमच्या घरात ते उच्चारायची बंदी होती. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते, वडील बोटीवर नोकरीला होते आणि आई रत्नागिरीत मांडवीच्या घरी बसून माझ्यासाठी स्थळं शोधत होती. बघायला आलेल्या पाहुण्यांना ती सांगायची, "प्रयोगशाळेत असते." त्यात खोटं काही नव्हतं. खोली होती, काचेच्या नळ्या होत्या, मी पांढरा कोटही घालत असे. त्या नळ्यांत काय भरलेलं असे, ते मात्र कांदेपोहे खाणाऱ्या माणसांना सांगण्याजोगं नव्हतं.

ऐंशीनंतरची ती वर्षं. रत्नागिरीत घरोघरी शोषखड्डे होते आणि मैल्याचं पाणी शुद्ध करतात ही गोष्टच लोकांना थट्टेची वाटायची. पण शहराच्या कडेला एका मोठ्या वसाहतीसाठी एक छोटं केंद्र बांधलेलं होतं. कुठल्या कार्यालयाचं ते सांगत नाही. त्यातली माणसं पेन्शन घेऊन सुखात आहेत, त्यांना कशाला उठवा. एक उघडी टाकी, तिच्यातलं पाणी सतत ढवळणारा मोटरीचा पंखा, शेजारी गाळ खाली बसवायची दुसरी टाकी आणि एक बैठी इमारत. इमारतीत एका खोलीत मी आणि पलीकडच्या खोलीत साहेब.

साहेब घाटावरचे, सांगलीकडचे. माणूस सरळ, बोलणं त्याहून सरळ. सकाळी सायकल भिंतीला टेकवायच्या आधीच ते विचारत, "टाकी जिवंत आहे का?" मला आधी वाटलं, हे काहीतरी यंत्रासंबंधी आहे. मग त्यांनी समजावून सांगितलं. घाण पाणी आपण शुद्ध करत नाही, टाकीतले जंतू करतात. ते घाण खातात, त्यांचे तपकिरी पुंजके होतात, पुंजके तळाला बसतात आणि वरचं पाणी नितळ निघतं. केंद्र सुरू करताना साहेबांनी टाकीत शेणकाला ओतून घेतला होता, दुधाला विरजण लावावं तसा. त्यातले जंतू वाढले, टाकी लागली. म्हणून टाकी एक तर जिवंत असायची नाही तर मेलेली. जिवंत टाकीला पावसाळी मातीचा वास येतो आणि मेलेलीला कुजक्या अंड्याचा. मी रोज एका उंच काचेच्या नळ्यात टाकीतलं पाणी घेऊन गाळ कसा बसतो ते बघायची आणि साहेबांना ओरडून सांगायची, "जिवंत आहे!" वसाहतीतून जाणाऱ्या बायका माझ्याकडे वळून बघत.

माझ्या आयुष्यात तोवर सगळ्या गोष्टी स्पष्ट होत्या. परीक्षानळीत रंग बदलला तर आम्ल, नाही बदलला तर नाही. मला तशीच उत्तरं आवडतात, अजूनही. 'बघू', 'तसं म्हटलं तर', 'सांगता येत नाही' असं बोलणाऱ्या माणसांचा मला राग येतो. आणि नेमकी मीच त्या उन्हाळ्यात तसं बोलायला लागले.

शहराचा कचरा तेव्हा सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावरच्या, एका जुन्या चिरेखाणीत टाकत. जांभ्याचे चिरे कापून काढले की मागे मोठाला चौकोनी खड्डा उरतो, त्यात. पावसाळ्यात तो खड्डा भरायचा आणि कचऱ्यातून झिरपून पाणी काळंकुट्ट व्हायचं. खाणीच्या एका अंगाला पाणी वाहून जायला वाट होती. ती पऱ्याला, म्हणजे ओढ्याला मिळायची आणि पऱ्या खाडीला. खाडीत जाळी टाकणाऱ्यांनी ओरड केली तेव्हा चिऱ्यांचा बांध घालून ती वाट बुजवण्यात आली. पाणी बाहेर जायचं थांबलं, म्हणजे आत साठायला लागलं. शिमगा सरला तरी खाणीच्या तळाला ते होतंच. आता येत्या पावसाळ्यात हे सगळं बांधावरून उलटणार म्हणून वरून हुकूम आला की पावसाच्या आत हे पाणी टँकरने आपल्या केंद्रात आणून शुद्ध करावं. सांडपाणी ते सांडपाणी, असा वरचा हिशेब होता.

साहेबांनी डोक्याला हात लावला. "ही टाकी वसाहतीच्या वरणभातावर वाढलीय की हो," ते म्हणाले. "हिला एकदम तांबडा रस्सा कसा सोसायचा?" तरी त्यांनी नकार दिला नाही. ते म्हणाले, आधी खाणीतलं पाणी तपासू आणि खाणीखालच्या विहिरीही तपासू. जांभा दगड सच्छिद्र असतो. पाणी कुठून आत शिरेल आणि कुठे निघेल याचा नेम नसतो. मी पिशवीत बाटल्या भरल्या आणि टँकरच्या ड्रायव्हरबरोबर सड्यावर गेले.

खाणीच्या बरोबर खाली, उतारावर, कुणब्यांच्या थोड्या घरांची वाडी होती. पुरुष बहुतेक सगळे मुंबईला. पहिल्याच घराच्या मागच्या परड्यात चिऱ्यांनी बांधलेली विहीर होती. तिकडे विहिरीला बाव म्हणतात. घरच्या काकींनी मला दोर आणि कळशी दिली आणि मी बाटल्या भरेपर्यंत काठाशी उभ्या राहिल्या. पाणी नितळ होतं. वास नाही, रंग नाही.

"यंदा बाव आटलीच नाय बघ," काकी म्हणाल्या. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "दरसाल चैत लागायच्या आत तळ दिसायचा. यंदा बघ किती पानी! गावदेवीनंच दिला गो बाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. बाव आटली की बायकांना घाटी, म्हणजे डोंगरातली पायवाट, उतरून खालच्या वाडीच्या बावीवर जावं लागे आणि डोक्यावर कळश्या घेऊन ती उभी चढण परत चढावी लागे. काकींचा मुलगा मुंबईला कारखान्यात होता, निर्व्यसनी होता, दिसायला बरा होता. तरी त्याचं लग्न जमत नव्हतं. मुलीकडचे येत, घर बघत, जेवत आणि जाताना परड्यात डोकावत. बाव आटते हे कळलं की निरोपच यायचा नाही. त्या घाटीच्या चढणीवर आपली लेक कोण देईल? आता मात्र चैत्र अर्धा सरला होता, बावीत पाणी होतं आणि नवं स्थळ बघायला येणार होतं.

परत येताना मी मनात जुळवाजुळव करत होते. बांध घातला गेल्या वर्षी, आणि बाव आटली नाही यंदा. दोन अधिक दोन चार करायला बी.एस्सी. व्हावं लागत नाही. मी साहेबांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "गेल्या साली पाऊसही जास्त झाला होता की." तेही खरं होतं. तपासणीत खाणीचं पाणी भयंकर निघालं, ते निघणारच होतं. बावीच्या पाण्यात क्षार बाकीच्या विहिरींपेक्षा बरेच जास्त होते आणि जंतू भरपूर होते. पण जंतू आणखी दोन विहिरींत होते, ज्यांचा खाणीशी काही संबंध असणं शक्य नव्हतं. आपल्याकडे गुरं धुवायची ती विहिरीच्या काठावरच. कचऱ्यातून आणखी काय काय उतरत असेल ते तपासायची साधनं आमच्याकडे नव्हती. एक बाटली पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेला पाठवली. तिकडून यथावकाश उत्तर आलं की नमुना अपुरा आहे, पुन्हा पाठवावा.

"निदान जंतू आहेत एवढं तरी जाऊन सांगू," साहेब म्हणाले. "आणि साध्या भाषेत सांगू. शास्त्र सांगितलं की लोक घाबरतात."

आम्ही दोघं गेलो तेव्हा काकींच्या घरापुढच्या खळ्यात माणसं बसली होती. मुलीचे वडील, मुलीचा मामा आणि वाडीतले एक-दोघं म्हातारे. आम्हाला बघून काकींनी लगबगीने चटई टाकली आणि पाहुण्यांना मोठ्या आवाजात सांगितलं, "ह्ये सायेब. आमच्या बावीचा पानी तपासायला आलेले, सरकारातून." सगळे आमच्याकडे बघायला लागले. साहेबांनी घसा खाकरला. आणि रोज सकाळी ज्या शब्दावर त्यांचा दिवस सुरू व्हायचा तोच शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडला.

"काकी, तुमच्या विहिरीचं पाणी जिवंत आहे," ते म्हणाले. "तपासलंय आम्ही. भरपूर जिवंत आहे."

आता जिवंत पाणी म्हणजे काय, हे कोणत्याही मराठी माणसाला विचारा. जिवंत झरा, न आटणारा. मुलीच्या वडिलांनी मामाकडे बघितलं, मामाने मान हलवली. "तसं नव्हे," मी मध्ये बोलले, "म्हणजे त्यात जंतू..." पण काकींनी माझ्या हातात चहाचा कप ठेवला आणि मुलीचे वडील उठून परड्यात गेले. त्यांनी एक खडा बावीत टाकला आणि कान देऊन ऐकलं. डुबुक असा भरल्या पाण्याचा आवाज आला. सुकलेल्या बावीत खडा टक् करून वाजतो. ते परत येऊन चटईवर बसले आणि म्हणाले, "आमची काय हरकत नाय." त्याच बैठकीला सुपारी फुटली. साहेबांनाही गूळखोबरं मिळालं.

सडा उतरताना साहेब सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होते. मला हसू येत होतं आणि रडूही. साहेब म्हणाले, "काय झालं? बरोबर सांगितलं ना मी?"

"साहेब, जिवंत पाणी म्हणजे तुमच्याकडे काय?"

त्यांनी सायकल थांबवली. "आमच्याकडेही तेच हो," ते म्हणाले. "माझ्या वडिलांच्या मळ्यात आहे जिवंत झरा. टाकीनं माझी भाषा बिघडवली."

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले आणि काकींना सगळं फोड करून सांगितलं. पाण्यात जंतू आहेत. क्षार वाढलेत. आणि हे पाणी वरच्या खाणीतून झिरपत असावं. 'असावं' म्हणताना माझीच जीभ अडखळली. काकी तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"जंतू कुठं नसतात गो? उकळून पिऊ. पोट्याश टाकू."

"आणि क्षार? डाळ शिजायला वेळ लागत नाही का?"

"लागतो. लाकडा हायत आमच्याकडं." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "सुकल्या बावीत मीठ नसता, साखर नसता. पोराचा लगीन होऊ दे बाय, मग काय तो तपास कर."

पालथ्या घड्यावर पाणी, असं मी तेव्हा मनात म्हटलं. पण त्या चुकत होत्या असंही मला छातीठोक म्हणता येईना.

वैशाख लागला आणि टँकर सुरू झाला. ड्रायव्हर आमच्या फाटकाशी येऊन हॉर्न वाजवायचा आणि ओरडायचा, "चहा आणलाय!" पाण्याला कोऱ्या चहाचाच रंग होता. साहेबांनी त्याला थोडं थोडं सोडायला सांगितलं, वसाहतीच्या पाण्यात मिसळून. सुरुवातीचे दिवस टाकी सहन करत होती. मी नळ्यात गाळ बसताना बघायची आणि सांगायची, "जिवंत आहे, पण तब्येत बरी नाही." कधी पाणी नितळ निघायचं, कधी तेवढ्याच मापाला गढूळ. का, ते साहेबांनाही सांगता येत नव्हतं. वरून रोज विचारणा व्हायची की खाण रिकामी कधी होणार, ढग दिसायला लागले. मग टँकरच्या फेऱ्या वाढवल्या.

आणि बाव उतरायला लागली.

काकी केंद्रावर आल्या तेव्हा दुपार होती. इतक्या उन्हात त्या चालत आल्या होत्या. फाटकाशी येऊन त्यांनी पदराने नाक झाकलं आणि मग बहुधा वाईट दिसेल म्हणून पदर पुन्हा खाली घेतला. मी त्यांना खोलीत बसवलं. पाणी दिलं, नळाचं.

"पानी खाली गेला," त्या म्हणाल्या. "तुमची गाडी आली आणि पानी खाली चालला. दोन कळश्यांत दोर सगळा सोडायला लागतो. लगीन तोंडावर आलाय. त्यांची मानसं येतील, पयली बावीतच बघतील."

आता खाणीचा आणि बावीचा संबंध आहे हे मला कोणी सांगायची गरज उरली नव्हती. साहेबांनाही नाही. म्हणजे मी म्हणत होते ते खरं निघालं होतं, आणि मला जराही आनंद झाला नाही. समोर बसलेल्या बाईला मी काय सांगू? तुमच्या बावीत कचऱ्याचं पाणी येतंय म्हणून ते काढून नेतोय, हे तुमच्या भल्यासाठीच आहे? पाणी नेलं तर सून जाते, ठेवलं तर तेच पाणी सुनेला प्यायचं. इकडे आड आणि तिकडे विहीर असं आपण सहज बोलून जातो. इथे आडही तोच होता आणि विहीरही तीच.

"लगीन होईपर्यंत तेवढा ऱ्हाऊ दे," काकी म्हणाल्या. त्यांनी हात जोडले. मला त्यांचा राग आला आणि माझाही.

मी साहेबांकडे गेले. साहेब टाकीच्या काठावर उभे होते. टाकीवर पांढरा फेस चढला होता आणि कुजका वास भरून राहिला होता. आदल्या दिवशी फेऱ्या उरकायच्या घाईत ड्रायव्हरने अख्खा टँकर एकदम सोडला होता. "मेली," साहेब म्हणाले. घरातलं कोणी गेल्यासारखा त्यांचा आवाज झाला होता. "टँकर बंद करा. आता पुन्हा शेण, पुन्हा विरजण. पावसाआधी काही हिला उभारी येत नाही."

म्हणजे माझा एक शब्दही खर्ची न पडता काकींचं काम झालं. बाव होती तिथे थांबली. वर चढली नाही, पण लग्नापुरतं पाणी राहिलं. काकींना वाटलं की हे सगळं मी केलं. ड्रायव्हरच्या हाती त्यांनी एक भला मोठा कापा फणस पाठवला. मी आईला सांगितलं की तो माझ्यासाठी नाही, टाकी मेली म्हणून आहे. आई म्हणाली, "असलं अभद्र बोलू नकोस गो," आणि गरे काढायला बसली.

लग्नाला मला आवर्जून बोलावणं होतं. परड्यात मांडव, वाजंत्री, मुंबईहून आलेली माणसं, पायात नवे बूट चावणारा नवरामुलगा. मुलीकडच्या बायका आल्या आल्या बावीत डोकावून आल्याच. ऊन डोक्यावर आलं होतं आणि एका पोरीने माझ्यापुढे कोकम सरबताचा पेला धरला. ते कुठल्या पाण्याचं, हे विचारायची सोय नव्हती. काकी मांडवाच्या खांबाला धरून माझ्याकडेच बघत होत्या. मी प्यायले. बरं लागलं. मला काही झालंही नाही, त्यामुळे माझ्या डोक्यातला घोळ आणखीच वाढला.

लग्नानंतर काही दिवसांनी मी पुन्हा बाटल्या घेऊन गेले. नवरा मुंबईला परत गेला होता, काकी शेताकडे गेल्या होत्या. नवी सून एकटीच बावीवर होती. हिरवा चुडा, हळदीचा रंग अजून पायावर. माझ्यापेक्षा ती चार-पाच वर्षांनी लहान असेल. तिने माझी बाटली स्वतःच भरून दिली आणि मग विचारलं, "ताई, पानीवाल्या ताई त्या तुमीच ना? बाबा सांगत होते, सायेबांनी सांगितला पानी जित्ता हाय म्हणून. खरा काय?"

काय झालं कोण जाणे, मी बावीच्या काठावर बसले आणि तिला सगळं सांगून टाकलं. शब्दाचा घोटाळा. वरची खाण. बांध. टाकी. मी म्हटलं, "हे पाणी बहुतेक कचऱ्यातून येतं. नुसते जंतू असते तर उकळून मरतील, पण आणखी काय आहे ते मला माहीत नाही. कदाचित काही नसेलही. आम्ही खाणीतलं पाणी नेलं तर तुझी बाव आटणार. नाही नेलं तर तू हेच पिणार, तुझी मुलं हेच पिणार. आता तूच सांग."

हे मी तिला का विचारलं? ती त्या घरात पुरता पंधरवडाही राहिली नव्हती. तिला विचारून काही होणार नव्हतं. पण एवढ्या सगळ्या गोंधळात त्या पाण्याबद्दल तिला कोणीच काही विचारलेलं नव्हतं, आणि जन्मभर ते ओढायचं होतं तिला.

तिने बावीत एकदा वाकून बघितलं. मग दोर गुंडाळत म्हणाली, "खालची बाव लय लांब हाय काय?"

"घाटी उतरून. चढण वाईट आहे."

"मग न्या," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि कळशी कमरेवर घेऊन आत गेली. तिला सगळं समजलं की काहीच नाही, ते मला कळलं नाही.

पावसात बांधावरून थोडं पाणी उलटलं, खाडीवरचे लोक पुन्हा ओरडले. पाऊस सरल्यावर साहेबांनी शहाणपणा केला आणि नव्याने विरजलेल्या टाकीला सुरुवातीपासूनच ते काळं पाणी चमच्या-चमच्याने पाजायला लागले. टाकी हळूहळू सरावली. कशी सरावली हे त्यांनाही उमगलं नाही. वरून फेऱ्यांचा पक्का हुकूम आला होता. त्यात काकींचा विचार नव्हता, सुनेचा नव्हता आणि माझाही नव्हता. शिमग्याच्या सुमाराला खाण कोरडी झाली आणि चैत्र लागायच्या आत बावीचा तळ दिसला. काकी मला एकदा बाजारात दिसल्या. त्यांनी मान फिरवली आणि मासेवालीशी भाव करत राहिल्या. मला ते लागलं.

त्याच उन्हाळ्यात कोरड्या खाणीच्या तळातली माती तपासायला आणण्यासाठी मी टँकरमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून सड्यावर चालले होते. घाटी जिथे रस्त्याला मिळते तिथे दगडी गडग्याला टेकून काकींची सून उभी होती. भरलेल्या दोन कळश्या गडग्यावर ठेवल्या होत्या आणि ती दम खात होती. पोट दिसायला लागलं होतं. मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि खाली उतरले.

ती हसली. घामाने पदर भिजला होता. मी म्हटलं, अशा दिवसांत तू कशाला, दुसरं कोणी नाही का? ती म्हणाली, सासूबाईंचे गुडघे धरलेत. मग जरा थांबून, टँकरकडे बघत तिने विचारलं, "ताई, मी 'न्या' म्हटला म्हणून नेलात ना तुमी?"

मी तिच्यापुढे माझा रुमाल धरला.

"ता पानी वाईटच होता ना?"

पुण्याहून दुसऱ्यांदाही स्पष्ट काही आलं नव्हतं. साहेब म्हणत होते, असेलही, नसेलही. मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर आजही माहीत नाही.

"हो," मी म्हटलं. "वाईटच होतं."

"मग बरा," ती म्हणाली. तिच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं मला दिसलं. तिने चुंबळ डोक्यावर बसवली आणि कळशी द्यायला मला खुणावलं. आमच्याकडे मांडवीला नळ होता. भरलेली कळशी इतकी जड असते, हे मला ती उचलेपर्यंत ठाऊक नव्हतं.